वाचणारा तो, तपासणारा मी

५, गुरुवार

आज सूनबाईने माझ्या हातावर एक क्रेडिट कार्ड ठेवलं. खातं तिचं, पण कार्डावर नाव माझं, त्याचे संदेशही माझ्याच मोबाइलवर येणार. औषधं, चष्मा, एखादं पुस्तक, जे लागेल ते घ्या म्हणाली, दर वेळी मागायला नको. मी मागतच नाही, हे तिच्या लक्षात आलेलं दिसतं. परवा त्याच चपलेला पुन्हा टाके घालून आणले तेव्हा तिने पाहिलं असणार.

चिरंजीवांनी नाक मुरडलं. 'अप्पांना कशाला कार्ड? कुणीतरी गंडवेल.' मी समोर बसलेलो असताना माझ्याबद्दल हे असं बोलणं चालतं, जणू मी घरातलं कपाट आहे. सूनबाई म्हणाली, 'अप्पांच्या नजरेतून अनुस्वार सुटत नाही, तिथे चोर कुठून सुटणार?' चिरंजीव म्हणाले, बघ बाई, जबाबदारी तुझी. ती म्हणाली, माझी.

मला फार बरं वाटलं. छापखान्यात आयुष्यभर मुद्रितं तपासली, त्याचं या घरात कुणी नाव काढत नाही. हिने काढलं.

तिचं स्वतःचंही मोठं काम चाललंय. इतकी वर्षं दुसऱ्याच्या कारखान्यात शाळेच्या गणवेशांचं कापड बेतून देते. आता स्वतःची एक खोली भाड्याने बघितली आहे आणि शिलाईचं मोठं मशीन ठरवलं आहे. ते याच खात्यावर घ्यायचं. मशीनचं चित्र तिने मला दाखवलं. माहितीपत्रकात 'सुचना', पहिला उकार ऱ्हस्व. मी पेन्सिलीने दुरुस्त करून परत दिलं.

९, सोमवार

आजची दुपार मजेत गेली. किती दिवसांनी असं लिहितो आहे.

दोघं कामावर गेल्यावर फोन वाजला. बँकेतून एक मुलगा बोलत होता. आवाज गोड, पण भाषा अशी की कानात बोटं घालावीत. 'आपल्या कार्डचा मुदत संपून गेला आहे, मी आपली मदत करू इच्छितो.' म्हटलं, मुदत 'तो' कधीपासून झाली? मुदत संपली. आणि 'आपली मदत' नव्हे, 'आपल्याला मदत'. फोन ठेवील असं वाटलं होतं. पण तो म्हणाला, 'साहेब, आम्हाला कुणी सांगतच नाही. तुम्ही शिक्षक होता का?' मी सांगितलं, मुद्रितशोधक. मग त्याला विचारायचं होतं की ते काय असतं. हल्ली कोण विचारतं?

त्याचं काम साधं होतं. कार्ड नवीन करून पाठवायचं, त्याआधी नोंदी बरोबर आहेत का ते बघायचं. त्याने माझं नाव वाचलं, तेच चुकीचं. पत्ता वाचला, त्यात गल्ली चुकीची. मग कार्डाचा क्रमांक. म्हणाला, 'मी वाचतो, तुम्ही फक्त तपासा.'

छापखान्यात ताडून पाहायची पद्धत नेमकी हीच. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने मुद्रितावर बोट ठेवून ऐकायचं आणि फरक दिसला की 'थांब' म्हणायचं. मी कार्ड खिडकीपाशी उजेडात धरलं, चष्मा चढवला आणि बोट ठेवलं. पहिले चार आकडे बरोबर निघाले. पुढे नुसता गोंधळ. 'सहा.' थांब, नऊ. उलटा वाचलास. 'तीन.' थांब, आठ. नीट बघ, दोन्ही बाजूंनी बंद आहे. बँकेत या नोंदी कोण करतं देव जाणे, एकही ओळ धड नव्हती. मुदतीचं वर्ष चुकलेलं, पाठीमागचे तीन आकडेही चुकलेले. पाठीमागेच मदतीसाठी बँकेचा क्रमांक छापलाय, तोही इतक्या बारीक अक्षरात की डोळे फुटावेत. तेही त्याला सुनावलं.

मग मोबाइलवर एक संदेश आला. त्यातला आकडाही ताडून पाहिला, त्याच्याकडे तोही चुकीचाच होता. संदेशाखाली एक ओळ होती, 'हा आकडा कुणालाहि सांगू नये.' कुणालाहि, ऱ्हस्व! बँकेसारखी बँक, आणि हे असं छापते. मी त्याला म्हटलं, दीर्घ हवं, कुणालाही. तो म्हणाला, 'वरिष्ठांना नक्की कळवतो, साहेब.' आणखी काही संदेश येतील, ते जुनं कार्ड बंद होत असल्याचे असतील, न वाचता पुसून टाका, असंही सांगितलं. अडचण आली तर म्हणून स्वतःचा नंबरही दिला.

फोन ठेवताना म्हणाला, 'आपण इतका वेळ दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे.' एकही चूक नाही. अर्ध्या तासात पोरगा किती सुधारला.

सूनबाईला यातलं काही सांगितलं नाही. नवं कार्ड आलं की दाखवीन. आपलं आपण करता येतं, हे चिरंजीवांनाही कळू दे.

१०, मंगळवार

सकाळपासून संदेश येत होते. पुसले.

संध्याकाळी रक्तदाबाच्या गोळ्या आणायला गेलो. औषधवाल्याने कार्ड यंत्रात घातलं, मग काढून पुसून पुन्हा घातलं. माझ्या मागे रांग. तो म्हणाला, 'अप्पा, आजची मर्यादा संपलीय असं दाखवतंय. मोठी खरेदी केलीत का काही?'

मी म्हणालो, हो.

का म्हणालो? मागे माणसं होती, शेजारच्या इमारतीतल्या बाई होत्या. नाही म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. खिशात होते तेवढे पैसे दिले आणि अर्ध्याच गोळ्या घेऊन बाहेर पडलो.

रस्त्यातच त्या मुलाच्या नंबरावर फोन लावला. असा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई सांगत राहिली. मी पुन्हा लावला. तिने पुन्हा सांगितलं. नंतर कितीतरी वेळ पदपथावरच्या बाकावर बसून होतो.

मला कळलं आहे. लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो. त्याच्याकडे पहिल्या चार आकड्यांशिवाय काहीही नव्हतं. तो मनाला येतील ते आकडे वाचत होता आणि मी एकेक बरोबर करून देत होतो. मी त्याला काही सांगितलं नाही, नुसतं दुरुस्त केलं. सगळंच दुरुस्त केलं. संदेशात लिहिलं होतं, कुणाला सांगू नये. मी ती ओळ वाचली, वेलांटी पकडली आणि अर्थ सोडून दिला. चार दिवसांपूर्वी हातात आलेल्या कार्डाची मुदत संपते कशी, हेही विचारलं नाही. आणि त्याला भाषा येत होती. ते शेवटचं वाक्य त्याचं खरं होतं, बाकी सगळ्या चुका माझ्यासाठी केलेल्या होत्या.

जेवताना सूनबाईने विचारलं, गोळ्या मिळाल्या का? मी म्हणालो, मिळाल्या.

११, बुधवार

बँकेत जाऊन आलो. म्हणजे बँकेच्या दारात.

काचेवर भलामोठा फलक होता. बँक तुम्हाला फोन करून कार्डाचा क्रमांक विचारत नाही. शंका आली तर फोन ठेवा, कार्डामागच्या क्रमांकावर स्वतः फोन करा, कार्ड ताबडतोब बंद करायला सांगा. मी तो फलक पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचला. त्यात एकही चूक नव्हती.

आत खिडकीवर एक मुलगी मोकळीच बसली होती. मला घुटमळताना पाहून म्हणाली, 'काय हवंय, आजोबा?' मी तोंड उघडलं. चिरंजीवांचा चेहरा डोळ्यांपुढे आला, मग सूनबाईचं ते 'माझी' आठवलं. मी म्हणालो, कॅलेंडर मिळेल का?

तिने उठून, कपाटातून शोधून कॅलेंडर दिलं. गुंडाळी काखेत मारून घरी आलो. मला माझीच किळस आली.

१२, गुरुवार

आज पुन्हा दोन संदेश. पुसले नाहीत, वाचलेही नाहीत. मोबाइल उशीखाली ठेवला आहे. स्वतःला सांगतोय की जे जायचं ते गेलं, आता आणखी काय जाणार. हे खरं नाही हे मला माहीत आहे.

१४, शनिवार

दोघं सकाळी मशीनचे पैसे भरायला गेली होती. सूनबाईने ठेवणीतली साडी नेसली होती. जाताना माझ्या पाया पडली. मी आशीर्वाद दिला. त्या वेळी तरी बोलायचं होतं. 

तासाभरात परत आली. तिचं कार्ड चाललं नाही. दुकानदारासमोर, त्याच्या नोकरांसमोर चाललं नाही. सूनबाईने तिथेच बाजूला जाऊन बँकेला फोन केला, तेव्हा कळलं की सोमवारपासून खात्यावर खरेदी चालू आहे, कुठकुठल्या परगावच्या दुकानांतून. तिने सगळं बंद करायला सांगितलं.

चिरंजीव घरात पाऊल टाकल्यापासून तिच्यावर घसरले. मी माझ्या खुर्चीत होतो. 'तुलाच सवय आहे फोनवर कुणाशीही बोलत बसायची. दिले असशील कुणाला तरी आकडे.' ती हातातली पिशवी खुंटीला अडकवत होती. 'दिलेस ना? आठव.' तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. घाबरली असणार बिचारी, मी काहीतरी बोलून सोडवावं असं तिला वाटलं असणार. मग म्हणाली, 'असेल. मी बघते काय करायचं ते.'

मी पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घ बघून दुकानात शिरणारा माणूस. सुतकाच्या पत्रातली चूक काढून नातेवाइकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. आज माझ्यासमोर एक धडधडीत चुकीचं वाक्य बोललं गेलं, त्यात नाव चुकीच्या माणसाचं होतं, आणि मी मूग गिळून बसलो. वर, वर्तमानपत्र उघडलं.

१५, रविवार

चिरंजीव तिच्याशी बोलत नाहीत. घरात भांड्यांचेच आवाज.

दुपारी कपड्यांच्या घड्या घालायला ती माझ्या खोलीत येऊन बसली. एरवी बाहेर बसते. म्हणाली, 'अप्पा, तुमचं कार्ड जवळ आहे ना?' म्हटलं, आहे. थोड्या वेळाने म्हणाली, 'फोन येतो का हो दुपारी कुणाचा?' म्हटलं, छे. माझा सदरा तिने घडी घालून पुन्हा मोडला, पुन्हा घातला. 'बँकेचं असं असतं म्हणे, ज्याच्या हातून झालं त्याने स्वतः सांगायला लागतं. जितका उशीर तितके ते हात वर करतात.'

ती स्वतःच्याच काळजीत होती. तिने खरंच कुणाला काही सांगितलंय की काय, असं तिला वाटायला लागलंय. मी म्हणालो, काळजी करू नकोस, होईल सगळं नीट. तिने सदरा माझ्या उशाशी ठेवला. मग कपडे उचलून गेली. तिला धीर दिला म्हणून क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं. इतका मी घसरलो आहे.

१६, सोमवार

सकाळी चिरंजीव तिला सांगत होते, मशीनचं खूळ आता सोड, ज्याला कार्ड सांभाळता येत नाही तो धंदा काय सांभाळणार. तिने 'बरं' म्हटलं.  ती भांडली असती तर कदाचित आजही मी गप्प बसलो असतो.

चिरंजीव गेल्यावर स्वयंपाकघरात गेलो. ती चहा करत होती. मी दाराची चौकट धरून म्हणालो, 'शनिवारी तो जे बोलला ते चूक आहे. आकडे तू दिले नाहीस. मी दिले.'

तिने गॅस बंद केला.

'माहीत आहे, अप्पा.'

कधीपासून, असं विचारलं. मशीनच्या दुकानातच कळलं, म्हणाली. बँकेने कार्डाचे शेवटचे आकडे वाचले, ते माझ्या कार्डाचे होते. म्हणजे शनिवारी तिने माझ्याकडे बघितलं ते घाबरून नव्हतं. आणि काल त्या घड्या. मी तिला धीर देत होतो!

'मग बोलली का नाहीस?'

'तुम्ही बोलाल असं वाटलं.'

एवढंच. आवाज चढला नाही. चहा गाळून माझा कप माझ्यासमोर ठेवला. तिने केलेला म्हणून प्यायलो.

चिरंजीवांना मीच सगळं सांगितलं, मंगळवारीच कळल्याचंही, ते आल्या आल्या, बूट काढायच्या आत. ओरडतील म्हणून मान खाली घालून उभा होतो. ओरडले नाहीत. बायकोकडे बघितलं, मग भिंतीकडे. नंतर कामाचं बोलले. उद्या अप्पांनी स्वतः बँकेला फोन करून तक्रार द्यायची. बँक विचारेल, तुम्हाला कधी कळलं? ज्या दिवशी कळलं तिथपर्यंतचंच ती देईल. कळूनही गप्प बसलात तर पुढचं आपल्या बोकांडी. 'तेव्हा आजच कळलं म्हणा. एक शब्द आहे.' सूनबाई उठून पाणी भरायला गेली.

एक शब्द. त्या एका शब्दावर तिची खोली आणि मशीन उभं आहे.

१७, मंगळवार

दोघांनी आज उशिरा जायचं ठरवलं होतं. टेबलाभोवती तिघं बसलो, फोन मधे ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. मी कार्डामागचा बारीक क्रमांक वाचून फिरवला. या वेळी फोन मी केला होता.

बँकेतली बाई अदबीने बोलत होती. संभाषणाची नोंद होते आहे, असं आधी सांगितलं. मग म्हणाली, आपण त्या माणसाला आकडे सांगितलेत का? मी म्हणालो, सांगितले नाहीत. त्याने चुकीचे वाचले, मी दुरुस्त केले.

'म्हणजे सांगितलेत.'

'हो.'

तिला यात नवल वाटलं नाही. म्हणाली, ही त्यांची नेहमीची रीत आहे, मुद्दाम चुकीचं वाचतात, माणूस दुरुस्त करतोच. डॉक्टर करतात, वकील करतात, परवा एका गृहिणीने केले. मला आतापर्यंत वाटत होतं, मी फसलो तो माझ्या विद्येमुळे. निदान जाळं तरी खास माझ्यासाठी विणलं असेल. तेवढाही मान माझ्या वाट्याला नव्हता.

मग तिने विचारलं, 'आपल्याला हा प्रकार पहिल्यांदा कधी लक्षात आला?'

चिरंजीवांनी माझ्यासमोर एक बोट टेबलावर टेकवलं. आज. सूनबाई नखाने टेबलावरचा डाग खरवडत होती. तिने वर बघितलं नाही. तिने 'आज म्हणा' अशी खूण केली असती तर मी म्हटलं असतं. 'खरं सांगा' अशी केली असती तर सुटलोच असतो. तिने काहीच केलं नाही.

मी म्हणालो, 'गेल्या मंगळवारी. औषधाच्या दुकानात.'

बँकेतल्या बाईच्या बाजूला कळफलकाची टकटक ऐकू आली. म्हणाली, मग सोमवार-मंगळवारचा विचार होईल, त्यानंतरची खरेदी मात्र बँकेला देता येणार नाही. तेव्हाच एक फोन केला असता तर पुढचं सगळं थांबलं असतं. बोलण्यात दोष देणं नव्हतं, ती नियम सांगत होती. चिरंजीव उठले आणि दार लावून निघून गेले.

खरं बोललो याची शेखी मला मिरवायची नाही. औषधवाल्याला 'हो' म्हणालो, सुनेला 'मिळाल्या' म्हणालो, 'छे' म्हणालो. आणखी एक पचवायची ताकद उरली नव्हती, इतकंच. आणि ज्या दिवशी मी शेवटी खरं बोललो, त्या दिवशी त्याची किंमत तिने मोजली. बुधवार ते शनिवार जे गेलं ते तिचं मशीन होतं. चोराने नेलं त्यापेक्षा माझ्या गप्प बसण्याने जास्त नेलं.

 सूनबाईने मशीनवाल्याला फोन लावला. मी खोलीकडे निघालो होतो, दारात थबकलो. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. ऑर्डर रद्द करायची आहे म्हणाली. त्याने कारण विचारलं असावं.

'नाही हो, मशीन उत्तमच आहे. आमच्याकडून जरा चूक झाली.'

मला राहवलं नाही. मी परत फिरून म्हणालो, 'आमच्याकडून नाही. माझ्याकडून म्हण.'

तिने फोनवर हात धरला. तिचे डोळे भरले होते, ते मला तेव्हा दिसलं.

'अप्पा, राहू द्या ते तसंच.'

मग हात काढून त्याला म्हणाली, 'हो, आमच्याकडूनच.'

मी खोलीत येऊन बसलो. ती रागावली असती तर सोपं गेलं असतं.